हाडांची वीण सांभाळताना

दिवाळी जवळ आली की घरोघर साफसफाईची धांदल सुरू होते. माळ्यावरची पितळी भांडी खाली उतरतात, कोपऱ्यातली जळमटे निघतात, पडदे धुवायला पडतात. आणि या धांदलीत एखादी तरी गृहिणी स्टुलावरून घसरतेच. तरुण असली तर पदर झटकून उठते आणि हसते. पन्नाशी-साठी उलटलेली असली तर तोल सावरायला टेकलेला तळहात जमिनीला लागतो, मनगटात 'कट्' असा आवाज होतो आणि त्या वर्षीच्या चकल्या शेजारीण पाडते. मनगटाच्या या मोडीचे वर्णन डब्लिनच्या अब्राहम कॉलिस नावाच्या शल्यवैद्याने १८१४ साली लिहून ठेवले. एक्स-रेचा शोध लागायला तेव्हा अजून ऐंशी वर्षे अवकाश होता. त्याने ते नुसत्या हाताच्या चाचपणीने ओळखले. डॉक्टर मंडळी अजूनही त्या मोडीला त्याच्याच नावाने ओळखतात.

पण कॉलिसच्या काळी जे माहीत नव्हते ते आज माहीत आहे. उभ्या उंचीवरून पडून प्रौढ बाईचे मनगट मोडले, तर ती बातमी नुसत्या मनगटाची नसते. सगळ्या सांगाड्याची असते. ही बातमी वेळेवर वाचली तर पुढचा मणका आणि त्याच्याही पुढचा खुबा वाचू शकतो. या हाडांच्या ठिसूळपणाला, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसला, आता एक सोडून पाच-सहा तऱ्हेची औषधे आहेत. अडचण उलट तीच आहे. कोणते घ्यावे, किती दिवस घ्यावे आणि घेतल्यावर ते आपल्या अंगाला मानवेल का, हे प्रश्न पडतात. गेली नऊ-दहा वर्षे मी या वाटेने चालते आहे. माझ्या वयाच्या भगिनींना आणि त्यांच्या मुला-सुनांना त्यातले काही उपयोगी पडेल म्हणून हा लेख.

परकर का लोळू लागला?

आम्ही भिवंडीचे. माझी सारी नोकरी इथल्याच शाळेत गेली, त्यामुळे गावात मी 'बाई'च. २०१४ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, पावसाने ओल्या झालेल्या गॅलरीत पाय सरकून माझे डावे मनगट मोडले. आपल्याकडे प्लास्टर निघाले की प्रकरण मिटले असा रिवाज आहे. माझेही तसेच मिटले. त्यानंतर दोन वर्षांनी, २०१६ च्या जुलैत, धामणकर नाक्याहून कल्याण नाक्याकडे रिक्षाने जात असताना रिक्षा खड्ड्यात आदळली. शेजारी बसलेली मुलगी नुसती 'अगं बाई!' म्हणाली. माझ्या पाठीत मात्र कंबरेच्या वर वीज चमकून गेली आणि घरी येईपर्यंत मला श्वास घेववेना.

फोटो काढला तेव्हा पाठीचा बारावा मणका पुढच्या बाजूने दबून पाचरीसारखा झालेला दिसला. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि विचारले, "बाई, अलीकडे तुमची उंची कमी झाल्यासारखी वाटते का?" मला एकदम आठवले, की वर्षभर माझे परकर जमिनीला लोळत होते आणि मी शिंप्याला नावे ठेवीत होते! दबलेल्या मणक्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश मणके असे बिनबोभाट दबतात, कोणाच्या लक्षातही येत नाहीत. उंची कमी होते, पाठीला पोक येतो, आणि आपण म्हणतो, "वय झालं."

मग ठाण्याला जाऊन 'डेक्सा' तपासणी केली. टेबलावर दहा-पंधरा मिनिटे स्वस्थ पडून राहायचे, एवढेच. दुखत नाही, खुपत नाही. तिचा निकाल 'टी-स्कोअर' या आकड्यात येतो. तरण्या, निरोगी माणसाच्या हाडांच्या घनतेशी तुमची तुलना करून तो काढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९९४ साली रेघ आखली: उणे एकपर्यंत ठीक, उणे एक ते उणे अडीच ही पडतीची पायरी, आणि उणे अडीच किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. माझा पाठीचा आकडा होता उणे ३.४. परीक्षेत शून्याखाली गुण मिळवण्याची माझ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ.

आमच्या घरात या आकड्याला आणखी एक अर्थ होता. १९९६ साली माझ्या सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. तीन महिन्यांत गेल्या. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचांतला एक वर्षाच्या आत जातो, आणि राहिलेल्यांपैकी कित्येकांना पूर्वीसारखे आपल्या पायांनी हिंडता येत नाही. म्हणून त्या दिवशी माझा आकडा वाचून आमचे हे काहीच बोलले नाहीत. नुसते न्हाणीघरात जाऊन फरशी बघून आले.

विणणारे आणि उसवणारे

हाड म्हणजे दगड, अशी आपली समजूत असते. डॉक्टरांनी मला ते कापडाच्या भाषेत समजावले. यंत्रमागांच्या गावात ती भाषा कोणालाही कळते. हाडात प्रथिनांच्या धाग्यांची वीण असते आणि चुन्याचे, म्हणजे कॅल्शियमचे, क्षार त्या विणीला ताठपणा देतात. सुताला खळ देतात ना, तसेच. हे कापड एकदा विणून संपत नाही. एक तऱ्हेच्या पेशी जुने हाड उसवीत असतात आणि दुसऱ्या तऱ्हेच्या पेशी मागोमाग नवे विणीत असतात. दहाएक वर्षांत सगळा सांगाडा असा नवा होतो.

तरुणपणी दोघांचा मेळ बसलेला असतो. बाईची पाळी गेली की इस्ट्रोजेन हे संप्रेरक आटते, आणि उसवणाऱ्यांवरचा मुकादमच जणू निघून जातो. ते दुप्पट वेगाने उसवू लागतात. विणणारे मागे पडतात. बोस्टनच्या फुलर ऑलब्राइट या डॉक्टरांनी पाळी जाणे आणि मणके दबणे यांचा हा संबंध १९४१ साली मांडला. पुरुष यातून सुटलेले नाहीत. त्यांची पाळी उशिरा येते इतकेच. दम्यासाठी वा संधिवातासाठी दीर्घकाळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर कोणत्याही वयात सावध असावे.

एवढे कळले की औषधांची वाटणी आपोआप होते. काही औषधे उसवणाऱ्यांना आवरतात, काही विणणाऱ्यांना जोर देतात. कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्व ही खळ आणि सूत झाली. ती हवीतच, पण नुसते सूत आणून ठेवल्याने माग चालत नाही.

सोमवारची गोळी

मला प्रथम मिळाली ती अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी, आठवड्यातून एक. या कुळातल्या औषधांची जन्मकथा मोठी गमतीची आहे. पूर्वी आपल्या बंबाच्या आत पांढरा क्षार बसे, तो आठवतो का? असा क्षार पाण्याच्या नळांत बसू नये म्हणून कारखानदार काही फॉस्फेटयुक्त रसायने वापरीत. स्वित्झर्लंडचे हर्बर्ट फ्लाइश आणि त्यांचे सहकारी क्षार बसण्याच्या याच क्रियेचा शरीरात अभ्यास करीत होते. त्यांना दिसले, की त्या घराण्यातली बिस्फॉस्फोनेट नावाची संयुगे हाडाला जाऊन चिकटतात आणि हाडाची झीज थांबवतात. त्यांचे निबंध १९६९ साली प्रसिद्ध झाले. त्यातूनच पुढे अ‍ॅलेंड्रोनेट निघाले आणि १९९५ साली अमेरिकेत त्याला या रोगासाठी मान्यता मिळाली. मणक्यांच्या मोडी ते जवळजवळ निम्म्यावर आणते, आणि सर्व पर्यायांत स्वस्तही आहे. म्हणून बहुतेकींची सुरुवात इथूनच होते.

पण ही गोळी घेणे हे एक व्रतच आहे. सकाळी उठल्याबरोबर, पोटात अन्नाचा कण नसताना, पेलाभर साध्या पाण्याबरोबर ती गिळायची. पुढे निदान अर्धा तास चहा नाही, दूध नाही, दुसरे औषध नाही आणि आडवे होणे नाही. हे नियम कोणी छळायला केलेले नाहीत. गोळीचा शंभरावा भागसुद्धा रक्तात उतरत नाही. त्यात दूध वा चहा पडला तर तेवढाही उतरत नाही. आणि आडवे झाले तर ती अन्ननलिकेत अडकून तिथे चट्टा पाडू शकते. मी सोमवार नेमला होता. चहावाचून अर्धा तास म्हणजे काय, हे चहा पिणाऱ्यांनाच ठाऊक. आमच्या ह्यांनी पहिले काही सोमवार सहानुभूती म्हणून आपलाही चहा थांबवला. श्रावणापर्यंत ती सहानुभूती संपली आणि ते माझ्यासमोर खुशाल बशीत ओतून फुरके मारू लागले.

सहा महिने बरे गेले. नंतर सोमवारी दुपारी छातीच्या मध्यभागी जळजळ सुरू होई, ती बुधवारपर्यंत राही. नियम सगळे पाळूनही होई. डॉक्टरांना सांगितले. ते म्हणाले, "नियम पाळूनसुद्धा काहींना ही गोळी सोसत नाही. तुम्हाला आधीपासून आम्लपित्ताचा त्रास आहे. सहन करीत बसू नका; दुसरी वाट आहे." हे वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे. आपल्या पिढीच्या बायका दोनच गोष्टी जाणतात: गुपचूप सोसणे किंवा गुपचूप बंद करणे. गोळ्यांची पाकिटे फडताळात पडून राहतात, डॉक्टरांना वाटते बाई औषध घेताहेत, आणि हाड आपले उसवतच असते. सोसवत नाही हे सांगणे ही तक्रार नव्हे. ती डॉक्टरांना हवी असलेली माहिती आहे.

पोटावरची सुई

मनगट आणि मणका अशा दोन मोडी झालेल्या, शिवाय आकडा इतका खोल. अशा वेळी नुसते उसवणे थांबवून भागत नाही, नवी वीण घालावी लागते, असे ठरले आणि २०१७ च्या मेमध्ये टेरिपॅराटाइडची इंजेक्शने सुरू झाली.

गळ्यात चार इवल्याशा ग्रंथी असतात. त्यांच्या संप्रेरकाचा हा एक तुकडा. मूळ साखळी चौऱ्याऐंशी मण्यांची, त्यातले पहिले चौतीस मणी औषधात घेतले आहेत. गंमत अशी, की हेच संप्रेरक रक्तात सतत वाढलेले राहिले तर हाड खाते. पण दिवसातून एकदा थोडे दिले तर हाड बांधते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याने मणक्यांच्या नव्या मोडी ६५ टक्क्यांनी कमी केल्या आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आपल्या देशातल्या कंपन्याही आता ते बनवतात, म्हणून ते आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आले. तरी महिन्याच्या निवृत्तिवेतनाचा चांगला पाव हिस्सा त्यात जाई.

रोज एक टोचणी, दोन वर्षे! ऐकूनच माझे हातपाय गार पडले. प्रत्यक्षात ती सुई केसासारखी बारीक असते. शाईच्या पेनासारखे पेन, मागचे बटण दाबायचे. पोटाच्या वा मांडीच्या कातडीखाली मुंगी चावल्यासारखे वाटते, बस्स. मला स्वतःला टोचवेना, म्हणून ते काम ह्यांनी घेतले. चाळीस वर्षांच्या संसारात मला टोचून बोलण्याचा हक्क त्यांना होताच. आता टोचण्याचाही मिळाला. रात्री साडेआठच्या बातम्या झाल्या की पेन बाहेर निघे. पहिले आठ दिवस इंजेक्शननंतर डोके हलके होई, म्हणून पलंगावर बसूनच घ्यावे लागे. पुढे पायात पेटके येत. पण मळमळ फारशी झाली नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून पाठीचे ठणकणे उतरू लागले.

खरा सांभाळ पेनाचा. ते शीतकपाटात ठेवायचे, पण गोठू द्यायचे नाही. उघडल्यापासून अठ्ठावीस दिवसांनी, औषध उरले असले तरी, टाकून द्यायचे. नाशिकला पुतण्याच्या लग्नाला गेलो तेव्हा थर्मासमध्ये बर्फ, बर्फावर टॉवेल आणि टॉवेलात पेन, अशी वरात आमच्यापुढे चालली होती. लग्नघरी कुणी विचारले, "काकू, कुल्फी आणलीत का?"

याच सुमारास एका हितचिंतकाने कागद आणून दिला, की या औषधाने उंदरांना हाडाचा कर्करोग होतो. ते खोटे नव्हते. मोठ्या मात्रा दीर्घकाळ दिलेल्या उंदरांत तसे दिसले होते आणि औषधाच्या वेष्टनावर ठळक इशाराही होता. माणसांमध्ये वर्षानुवर्षे पाहणी करूनही तसे प्रमाण वाढलेले आढळले नाही, म्हणून २०२० साली अमेरिकेत तो ठळक इशारा काढून टाकण्यात आला. तरी ज्यांनी पूर्वी हाडांवर किरणोपचार घेतले आहेत, त्यांना हे औषध देत नाहीत.

दोघी बहिणी आणि एक टाळेबंदी

टेरिपॅराटाइडची एक अट पक्की आहे. ते थांबवले की मागोमाग उसवण आवरणारे औषध दिलेच पाहिजे. नाही तर कमावलेले हाड वर्षा-दोन वर्षांत निघून जाते. गोळी मला सोसत नव्हती, म्हणून २०१९ च्या मेमध्ये झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचे सलाइन घेतले. कूळ अ‍ॅलेंड्रोनेटचेच, पण पोटाला वळसा घालून थेट शिरेत. वर्षातून एकदा, किमान पंधरा मिनिटांचे काम. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन वर्षे हे औषध घेणाऱ्या स्त्रियांत मणक्यांच्या मोडी ७० टक्क्यांनी आणि खुब्याच्या ४१ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. आधी मूत्रपिंडाची, कॅल्शियमची आणि 'ड' जीवनसत्त्वाची तपासणी करतात, दंतवैद्याकडे पाठवतात. माझी एक किडकी दाढ तेव्हाच निघाली. त्या दिवशी पाणी भरपूर प्यायचे.

त्या रात्री मात्र एकशे दोन ताप भरला. सबंध फराळाचे दळण जात्यावर मीच दळले असावे, असे अंग ठणकत होते. पण डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते, की पहिल्या खेपेला तिघींपैकी एकीला असे होते, पॅरासिटॅमॉल घ्या, तिसऱ्या दिवशी उठून बसाल. तसेच झाले. न सांगता आला असता तर तोच ताप आम्हाला दवाखान्यात धावायला लावता. पुढच्या खेपांना काहीच झाले नाही.

दुसरे सलाइन २०२० च्या मेमध्ये होते. मार्चमध्ये करोनाची टाळेबंदी आली. भिवंडीतले माग थांबले. रात्रंदिवस कानावर असलेला खडखडाट बंद पडला आणि त्या शांततेने उलट झोप उडाली. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "बाई, घाई नको. हे औषध हाडात मुरून बसते, चार महिने पुढे गेले तरी बिघडणार नाही." मी सप्टेंबरात घेतले. खरोखरच काही बिघडले नाही.

माझी धाकटी बहीण डोंबिवलीला असते. तिलाही हाच आजार, पण मूत्रपिंड थोडे मंद, म्हणून तिला वेगळे औषध होते: डिनोसुमॅब. दर सहा महिन्यांनी दंडात एक इंजेक्शन. ना ताप, ना जळजळ, ना व्रतवैकल्य. मला तिचा हेवा वाटे. २०१० साली मान्य झालेले हे औषध गुणालाही कमी नाही. तीन वर्षांच्या चाचणीत मणक्यांच्या मोडी ६८ टक्क्यांनी कमी करणारे. पण त्याची चाल निराळी आहे. ते हाडात मुरत नाही. उसवणाऱ्यांच्या फाटकाला ते सहा महिन्यांचे कुलूप घालते. मुदत संपून कुलूप गळाले, की बाहेर खोळंबलेले सगळे एकदम आत घुसतात आणि पूर्वीपेक्षाही जोराने उसवू लागतात.

तिचे इंजेक्शन ऑक्टोबर २०१९ मध्ये झाले होते. पुढचे एप्रिल २०२० मध्ये होते. एप्रिलमध्ये तिच्या इमारतीला बांबू लागलेले, गाड्या बंद, यजमान हृदयविकाराचे. इंजेक्शन राहिले. ऑगस्टमध्ये एका सकाळी केर काढताना तिच्या पाठीत कळ आली. चार दिवसांनी दुसरी. फोटोत दोन मणके दबलेले निघाले. फोनवर ती रडत म्हणाली, "ताई, मी पडले नाही गं, काही उचललंसुद्धा नाही." त्या काळात हे तिच्या एकटीचे नव्हते, जगभरातल्या तज्ज्ञांना डिनोसुमॅबवरच्या रुग्णांच्या तारखा चुकू नयेत म्हणून खास सूचना काढाव्या लागल्या होत्या.

एकाच आईच्या दोन मुली, एकच टाळेबंदी, जवळजवळ सारखाच उशीर. पण औषधे दोन, म्हणून निकाल दोन. तिचे इंजेक्शन पुन्हा सुरू झाले, पाठ हळूहळू सावरली. आता तिच्या कालनिर्णयवर दोन तारखांना लाल वर्तुळ असते, आणि त्याच तारखांची चिठी माझ्या, तिच्या मुलाच्या आणि सुनेच्याही घरात लावलेली आहे. डिनोसुमॅब वाईट नाही. ज्यांचे मूत्रपिंड मंद आहे त्यांना ते मोठा आधार आहे. पण ते सुरू करताना 'थांबवायचे कसे' हेही त्याच दिवशी विचारून घ्यावे. सहसा ते थांबवताना मागोमाग दुसऱ्या कुळातले औषध देतात. मनाने बंद करायचे औषध ते नव्हे.

भीतीचे वजन

ही औषधे घेणाऱ्या प्रत्येकीला कोणी तरी दोन भुते दाखवतेच. एक जबड्याचे हाड कुजण्याचे, दुसरे मांडीचे हाड मधोमध मोडण्याचे. दोन्ही खरी आहेत. जबड्याचा विकार २००३ पासून नोंदला गेला, आणि तो मुख्यतः कर्करोगासाठी याच औषधांच्या फार मोठ्या मात्रा घेणाऱ्यांत. ठिसूळ हाडांसाठीच्या मात्रेत तो वर्षाकाठी दहा हजारांत एक किंवा त्याहूनही कमी. दाढ काढण्याचे काम आधी उरकणे आणि दंतवैद्याला औषधाचे नाव सांगणे, हा त्यावर तोडगा. मांडीची ती विचित्र मोड बरीच वर्षे सतत औषध घेतल्यावर संभवते. जांघेत वा मांडीत मंद ठणका लागला तर तो संधिवात समजून तेल चोळीत बसू नये, फोटो काढावा. याच कारणाने गोळी पाच वर्षे आणि सलाइन तीन वर्षे झाली, की डॉक्टर पुन्हा हिशेब मांडतात, आणि धोका उतरला असेल तर सुट्टी देतात. हाडात मुरलेले औषध सुट्टीतही काम करीत राहते.

भीती तोलायची तर दोन्ही पारड्यांत वजन टाकून तोलावी. एका पारड्यात दहा हजारांतली एक. दुसऱ्यात सासूबाईंचे न्हाणीघर.

संप्रेरकांची गोष्टही इथेच सांगते. इस्ट्रोजेन दिले तर हाड वाचते. पण २००२ साली अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत संप्रेरकांच्या जोडगोळीने स्तनाचा कर्करोग आणि पक्षाघात वाढलेले दिसले, तेव्हापासून साठीनंतर नुसत्या हाडांसाठी ती सहसा सुरू करीत नाहीत. रोमोसोझुमॅब हे सर्वांत नवे. २०१९ साली अमेरिकेत मान्य झाले. महिन्यातून एकदा, बारा महिने. विणणाऱ्यांना जोर आणि उसवणाऱ्यांना लगाम, दोन्ही. पण वर्षभरात हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात झाला असेल तर ते देत नाहीत.

ताटातले, उन्हातले आणि पायाखालचे

माझी जाऊ पडघ्याची. मणका मोडल्याचे कळताच ती कांडवेल घेऊन हजर. तुपात तळून दुधाबरोबर घ्यायची. वन्सं म्हणाल्या, वज्रेश्वरीच्या कुंडात शेक घे. डॉक्टरांनी दोघींचाही मान राखला. "कांडवेल भाजी म्हणून खा, औषधाच्या जागी नको. कुंडाने स्नायू सैल होतील, मणका भरणार नाही. आणि त्या ओल्या पायऱ्यांची मला फार भीती वाटते."

पाळी गेलेल्या स्त्रीला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, असे २०२० सालचे भारतीय प्रमाण आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, तितक्याच दुधात सुमारे एकशे वीस, आणि तिळात हजाराच्या वर असते. मात्र तिळातले आणि नाचणीतले सगळेच अंगी लागत नाही. उरलेले गोळीने भरायचे तर ती एकदम न घेता विभागून, जेवणाबरोबर.

उन्हाची गोष्ट सर्वांना चकवते. इतके ऊन असलेल्या देशात 'ड' जीवनसत्त्वाची वाण! दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या डॉक्टरांनी २००० साली निरोगी दिल्लीकरांतही ही कमतरता दाखवून दिली. आपण आजींना 'कोवळ्या उन्हात' बसवतो. पण 'ड' बनवणारे किरण कोवळ्या उन्हात फारच थोडे असतात, ते सूर्य वर आल्यावर मिळतात. म्हणून बहुतेकींना डॉक्टर साठ हजार युनिटांची पुडी देतात. ती सांगतील तितकीच आणि तेव्हाच घ्यावी. जास्त झाली तर 'ड' विषासमान.

आणि पडणे टाळावे. आमच्या न्हाणीघरात आता खरखरीत फरशी आहे, भिंतीला धरायला दांडी आहे, रात्री उठण्याच्या वाटेवर लहान दिवा आहे. त्याचा खर्च टेरिपॅराटाइडच्या एका महिन्यापेक्षा कमी आला.

मुक्काम आणि पुढची वाट

तिसरे सलाइन २०२१ च्या सप्टेंबरात झाले. पुढच्या वर्षी डेक्सात पाठीचा आकडा उणे २.३ आला. उणे अडीचच्या रेघेच्या थोडा वर, एवढेच. गणिताच्या तासाला मी याला 'काठावर पास' म्हटले असते. दबलेला मणका दबलेलाच आहे, परकर दोन बोटे आखूडच शिवावे लागतात. पण नवे काही मोडलेले नाही. सध्या औषधाला सुट्टी आहे. ती किती टिकवायची, हे दर खेपेच्या तपासणीनंतर डॉक्टर आणि मी मिळून ठरवतो. सुट्टी संपवून पुन्हा सलाइन घ्यायची वेळ आली, तर तापाचे पॅरासिटॅमॉल घरात आहे.

दवाखान्यात जाताना वहीच्या पानावर एवढे प्रश्न लिहून न्यावेत. माझ्या मोडी, माझा आकडा, माझे पोट आणि माझे मूत्रपिंड पाहता हेच औषध का? ते कसे घ्यायचे, आणि पहिल्या आठवड्यात काय काय होऊ शकते? सोसले नाही तर दुसरे कोणते? एखादी तारीख चुकली तर काय होते? आणि थांबवायचे केव्हा, कसे? पाचवा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो आणि सर्वांत महाग पडतो.

यंदाच्या साफसफाईत माळ्यावर कोणी चढायचे, हे घरातल्या तरण्या मंडळींनी ठरवावे. आणि घरातल्या आईचे, सासूबाईंचे मनगट गेल्या दोन-चार वर्षांत मोडले असेल, तर भाऊबीज उरकल्यावर त्यांना एकदा डेक्साला घेऊन जावे. ओवाळणीत साडी असतेच. एक तपासणीही असू द्या.